प्राचार्य मार्डीकरांचे मुदतीचे ईमेल

प्राचार्य वेणीमाधव मार्डीकरांचं अक्षर फार सुंदर होतं. त्यांच्याबद्दल चांगलं म्हणून मला एवढंच सांगता येतं, म्हणून ते आधीच सांगून टाकते. हे अक्षर आम्ही पाहिलं ते फक्त फळ्यावर. कागदावर त्यांनी कुणाला काही लिहून दिलंय, असं आमच्या कॉलेजात क्वचितच घडलं. रजेचा अर्ज पुढे आला की ते शिसपेन्सिलीने कोपऱ्यात एक बारीक टिंब द्यायचे. टिंब वर असेल तर मंजूर, खाली असेल तर नामंजूर. अर्थ हेडक्लार्कने लावायचा, आणि पुढे काही बिनसलं तर चूकही हेडक्लार्कचीच.

मी त्या कॉलेजात ग्रंथपाल होते. कॉलेज सोलापूरला, विजापूर रोडवर, खाजगी संस्थेचं. मार्डीकर तिथे पदार्थविज्ञानाचे अधिव्याख्याता म्हणून आले तेव्हापासून मी त्यांना पाहत आले. मूळचे वेळापूरचे. वडील देवळात पूजेला होते, आई शाळेत शिकवायची. घर साधं, सरळ माणसांचं. मुलगा असा कसा निघाला, ते मला माहीत नाही आणि शोधायची इच्छाही झाली नाही. स्टाफरूममध्ये वाद पेटला की त्यांना तहान लागायची. ते पाणी प्यायला जायचे आणि सगळं निवलं की परत यायचे. भांडणाऱ्या दोघांनाही वाटायचं, मार्डीकर आपल्या बाजूचे. संस्थेत दोन गट होते, आणि प्राचार्यपदावरून ते एकमेकांच्या उरावर बसले, तेव्हा दोघांनाही चालेल असा माणूस म्हणून मार्डीकरांचं नाव पुढे आलं. वीस-बावीस वर्षं पाणी पिऊन माणूस प्राचार्य झाला.

खुर्चीत बसल्यावर त्यांची अडचण झाली. प्राचार्याला काहीतरी सांगावंच लागतं. पूर्वीसारखं तोंडी सांगून भागेना, कारण संस्थेने सगळ्यांना कॉलेजचे ईमेल काढून दिले होते आणि अध्यक्षांचा हुकूम होता की कारभार ईमेलवर चालला पाहिजे. पहिलं वर्षभर मार्डीकर फार हैराण दिसायचे. एकेक ईमेल पाठवण्याआधी तीन जणांना वाचून दाखवायचे आणि शेवटी पाठवायचेच नाहीत.

मग एकदा पुण्याला प्राचार्यांसाठी संगणक सुरक्षेचं शिबिर झालं. तिथल्या तरुण प्रशिक्षकाने एक सोय दाखवली. ईमेल लिहिताना खाली कुलूप आणि घड्याळ असं एक चिन्ह असतं. ते दाबलं की पत्राला मुदत घालता येते. एक दिवस, एक आठवडा, एक महिना, हवी ती. ज्याला पत्र गेलं त्याला ते वाचता येतं, पण पुढे पाठवता येत नाही, उतरवून घेता येत नाही, छापता येत नाही. मुदत संपली की आतला मजकूर जातो. वाटलं तर पाठवणाऱ्याला तो आधीही काढून घेता येतो. उघडताना मोबाइलवर येणारा आकडा टाकायची अटही घालता येते. प्रशिक्षकाचं म्हणणं असं होतं की विद्यार्थ्याचं आधार कार्ड, बँकेचा तपशील, एखाद्या मुलीची तक्रार, असं जे कुणाच्या मेलबॉक्समध्ये वर्षानुवर्षं पडून राहू नये, त्यासाठी ही सोय वापरावी. मार्डीकरांनी त्यातला विद्यार्थी आणि मुलगी पुण्यातच ठेवली आणि कुलूप तेवढं सोलापूरला आणलं.

पहिला प्रयोग त्यांनी घरी केला. मार्डीकर जुळे सोलापुरात आमच्याच कॉलनीत राहायचे, आणि त्यांच्या पत्नी मालतीवहिनींनीच मला ही हकिगत सांगितली. वहिनींच्या भावाच्या घराची वास्तुशांत अक्कलकोटला होती. मार्डीकरांना जायचं नव्हतं, पण नाही म्हणायचंही नव्हतं. त्यांनी कचेरीतून वहिनींना ईमेल केला की गुरुवारी आपण दोघे नक्की जाऊ, वहिनींनी भावाला तसं कळवावं. वहिनींनी कळवलं. गुरुवारी हे आंघोळ करून कॉलेजला निघाले. वहिनी म्हणाल्या, तुम्हीच लिहिलं होतं की. ते म्हणाले, दाखव. वहिनींनी मोबाइल उघडला तर पत्राची मुदत संपलेली.

"मला वाटलं मीच चुकले," वहिनी म्हणाल्या. "दोन दिवस मी त्यातला मजकूर शोधत होते. मग जेवताना ते हसले, तेव्हा कळलं."

त्या एकट्याच बसने अक्कलकोटला जाऊन आल्या. मला हे सांगताना त्या रागावल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत राग संपला असणार.

घरात जमलं म्हटल्यावर कॉलेजात सुरू झालं. मार्डीकरांचे ईमेल येऊ लागले आणि विरू लागले. मुदत बहुतेक आठवड्याची. आठवडा उलटला की यादीत पत्राचा विषय आणि मार्डीकरांचं नाव दिसायचं, उघडलं की आत एवढंच, की या संदेशाची मुदत संपली आहे. क्रीडाशिक्षक बिभीषण माने यांना ईमेल आला की शनिवारी सभागृहात कबड्डीच्या मॅट टाकून निवड चाचणी घ्या. त्यांनी घेतली. त्याच दिवशी अध्यक्षांच्या कुणा पाहुण्याचं व्याख्यान तिथे ठरलेलं निघालं. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कुणी सांगितलं? माने सरांनी मार्डीकरांकडे पाहिलं. मार्डीकरांनी मॅटकडे पाहिलं. माने सरांनी मोबाइल काढला तेव्हा पत्र होतं, पण मजकूर मार्डीकरांनी सकाळीच काढून घेतला होता. माने सर कबड्डी खेळलेला माणूस, सहा फूट उंच. त्या दिवशी ते मॅटवर बसून राहिले, आणि पुढे मार्डीकरांचा प्रत्येक निरोप त्यांनी प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहून, शिपाई ऐकेल अशा आवाजात वाचून दाखवायला सुरुवात केली. मार्डीकरांनी त्यांना ईमेल करणं बंद केलं.

बाकीच्यांना हे धाडस नव्हतं. काहींनी तर मार्डीकरांचं कौतुक केलं, साहेब काळाच्या पुढे आहेत म्हणून.

ऋतुजा वाघमोडे या दिवसांत आली. रसायनशास्त्राची प्राध्यापिका, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितक्याचं मानधन, आणि दरवर्षी नव्याने नेमणूक. ती सांगोल्याकडची. वडील येडू आणि आई म्हाळसाबाई मेंढरं राखायचे, थोडी कोरडवाहू जमीन. पोरीने एम.एस्सी. करून नेट पास केलं होतं. वर्गात ती अगदी पुस्तकी मराठी बोलायची, ग्रंथालयात माझ्यापाशी बसली की गावचं. तिला प्रयोगशाळा फार आवडायची. मुलांना ती आधी चष्मे घालायला लावायची, मग बाकीचं.

तिच्या प्रयोगशाळेच्या वर गच्चीवर पाण्याची नवी टाकी बसवली होती. कॉलेजच्या दारात हिरवळ लावायची होती, कारण पुढच्या सत्रात मूल्यांकन समिती येणार होती. हिरवळीला पाणी लागतं, म्हणून टाकी. टाकी पाझरायची. प्रयोगशाळेच्या छताला मधोमध ओल धरली, मग फुगवटा आला, मग प्लॅस्टरचे खपले पडू लागले. प्रयोगशाळेचे परिचर मल्लप्पा बिराजदार रोज सकाळी ते झाडून काढायचे. मल्लप्पा अक्कलकोट तालुक्यातले, घरी कानडी बोलणारे, काचेची भांडी धुण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी ऋतुजाला सांगितलं, मॅडम, हे पडणार.

ऋतुजाने मार्डीकरांना लेखी अर्ज दिला. छत धोकादायक आहे, दुरुस्ती होईपर्यंत प्रात्यक्षिकं दुसऱ्या खोलीत घेण्याची परवानगी मिळावी. मार्डीकरांनी अर्ज हातात घेतला, वाचला, आणि आवक नोंद न करता तिलाच परत दिला. कळवतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिला ईमेल आला, कुलूपबंद.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात मोबाइल होता. ईमेलमध्ये काय आहे ते तिने मला सांगितलं: प्रात्यक्षिकं त्याच प्रयोगशाळेत चालू ठेवावीत, समितीपुढे प्रयोगशाळा वापरात दिसली पाहिजे, छताबाबत यापुढे लेखी काही देऊ नये, आणि आपल्या पुढच्या नेमणुकीच्या वेळी या सहकार्याचा विचार होईल. मी तिला म्हटलं, ईमेल जाईल, दुसऱ्या मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून ठेव.

"म्याडम, ते प्राचार्य हायत," ती म्हणाली. "त्यांच्या पत्राचा फोटो काढायचा म्हंजे त्यांच्यावर चोरीचा आळ घेतल्यासारखं व्हतं."

मी आग्रह केला, ती हसली आणि नको म्हणाली. तिच्या घरी शब्द दिला की तो राहतो, एवढंच तिला माहीत होतं. मोठ्या पदावरचा माणूस पत्र लिहितानाच ते नाकारायची तयारी करतो, हे तिच्या डोक्यात शिरेना. तिने आपल्यापुरता उपाय केला. मधल्या टेबलाभोवती स्टुलं उलटी मांडली, मुलांना भिंतीकडेच्या टेबलांवर बसवलं, आणि मधून कुणी जायचं नाही असा नियम केला. त्यासाठी तिने मार्डीकरांना पुन्हा विचारलं. पुन्हा ईमेल आला, की स्टुलं उलटी ठेवल्याने खोली वाईट दिसते, ती काढावीत. हा एक हुकूम तिने पाळला नाही.

छत त्याच आठवड्यात एका दुपारी पडलं. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची मुलं भिंतीकडेला उभी होती. एका मुलीच्या हातून चंचुपात्र फुटलं आणि काच घरंगळत मधल्या टेबलाखाली गेली. कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून मल्लप्पा स्टुलं बाजूला सारून आत वाकले. मी ग्रंथालयात होते, तिथपर्यंत आवाज आला. पळत गेले तेव्हा खोलीत पांढरी धूळ होती, मुली रडत होत्या, आणि ऋतुजा गुडघ्यावर बसून हातांनी सिमेंटचे तुकडे उपसत होती. मुलांतलं कुणालाही काही झालं नव्हतं. मल्लप्पांचा उजवा हात कोपरापासून खाली चिरडला होता. ते शुद्धीवर होते. कानडीत काहीतरी म्हणत होते. नंतर कळलं की ते गॅसचा मुख्य नळ बंद करा म्हणून सांगत होते.

माने सरांनी त्यांना उचललं आणि स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं.

मार्डीकर आले ते सगळं आवरल्यावर. दारातच थांबले. आधी त्यांनी छताकडे पाहिलं, मग मुलांची संख्या विचारली, मग मला विचारलं की पत्रकार कुणी आलंय का. मल्लप्पांची चौकशी त्यांनी केली नाही. संध्याकाळी अध्यक्षांच्या बंगल्यावर बैठक झाली, आणि दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. प्रयोगशाळा वापरू नये अशी प्राचार्यांची तोंडी सूचना असतानाही संबंधित प्राध्यापिकेने तिथे प्रात्यक्षिकं घेतली, सबब तिला कामावरून थांबवण्यात येत आहे. कागदावर सही हेडक्लार्कची होती.

ऋतुजाने तो कागद वाचला, माझ्याकडे येऊन मोबाइल उघडला आणि मार्डीकरांचे ईमेल एकामागून एक दाबत गेली. सगळे रिकामे. शेवटच्या पत्राची मुदत अजून संपायची होती, पण ते मार्डीकरांनी छत पडलं त्याच संध्याकाळी परत घेतलं होतं. मल्लप्पा दवाखान्यात पडले होते, तेव्हा या गृहस्थाला हे काम सुचलं. ती रडली नाही. तिचा चेहरा कोरा झाला. मग म्हणाली की मी खरंच काही चुकीचं वाचलं होतं का, म्याडम तुमाला मी काय सांगितलं होतं, ते परत सांगा. मी सांगितलं, जसंच्या तसं. तेव्हा कुठे ती पाणी प्यायली.

चार-पाच दिवसांनी तिचे आईवडील आले. येडू वाघमोडे डोक्याला पिवळं पागोटं बांधलेले, म्हाळसाबाई इरकली लुगड्यात. मार्डीकरांनी त्यांना बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसवलं, मग आत घेतलं. मला ऋतुजाने बरोबर यायला सांगितलं होतं, म्हणून मी होते. येडू पागोटं नीट करत राहिले. मार्डीकरांनी भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत त्यांना संस्थेची शिस्त समजावून सांगितली. ते बोलायचे थांबले तेव्हा म्हाळसाबाई म्हणाल्या:

"सायेब, तुमी पोरीला तितं शिकीव म्हणला का न्हाय?"

मार्डीकर म्हणाले, "माझं तसं काही लेखी आहे का तुमच्याकडे?"

"लेखी न्हाय इचारलं. म्हणला का न्हाय, तेवढं सांगा."

मार्डीकरांनी घंटी वाजवली आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं. शिपाई पाणी घेऊन आला तेव्हा ग्लास त्यांनी स्वतःच उचलला. म्हाळसाबाई त्यांना पाणी पिताना पाहत राहिल्या, मग पोरीचा हात धरून उठल्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, या माणसाला लेकरंबाळं हायत का. मी म्हटलं, एक मुलगी आहे, पुण्याला. त्यांनी मान हलवली आणि पोरीला घेऊन गेटकडे चालू लागल्या.

शहरात बातमी झाली होती, मुलांच्या पालकांनी निवेदन दिलं होतं, त्यामुळे शिक्षण खात्याला चौकशी लावावी लागली. चौकशीला देवयानी आराध्ये नावाच्या अधिकारी आल्या. बारीक चणीच्या, आवाज खालचा, सगळं दोनदा विचारणाऱ्या. प्राचार्यांच्या केबिनमध्येच कामकाज चाललं. साक्षीला मी होते, माने सर होते. मी ऋतुजाने सांगितलेलं सगळं सांगितलं. मार्डीकर म्हणाले की ग्रंथपाल बाई आणि त्या मुलीचा घरोबा आहे, आणि ग्रंथपाल बाईंनी तो ईमेल स्वतः वाचलेला नाही. ते खरंच होतं.

मग ऋतुजाने मोबाइल पुढे केला. आराध्ये मॅडमनी रिकामी पत्रं एकेक उघडली. विषय वाचता येत होते. प्रयोगशाळेबाबत. प्रात्यक्षिकांबाबत. स्टुलांबाबत. त्यांनी मार्डीकरांना विचारलं, यात काय लिहिलं होतं. मार्डीकर म्हणाले, नेहमीच्या शैक्षणिक सूचना, वेळापत्रक वगैरे, आता आठवत नाही. मॅडमनी विचारलं, वेळापत्रक विरून जावं असं तुम्हाला का वाटलं. मार्डीकर म्हणाले, गोपनीयतेचं प्रशिक्षण घेतलंय, सरकारचंच धोरण आहे.

इथे ते गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण त्यांना यश डोळ्यांपुढे दिसत होतं, आणि आयुष्यभर कुठेच न सापडलेल्या माणसाला आपण सापडत नाही याचा अभिमान चढतो. त्यांनी स्वतःचा लॅपटॉप मॅडमपुढे फिरवला. म्हणाले की माझं सगळं उघडं आहे, माझा मेलबॉक्स तपासा, मी कुणाला धोक्यात ढकलणारं एक अक्षर लिहिलेलं सापडलं तर मी राजीनामा देईन. तपासा, तपासा, असं दोनदा म्हणाले.

मॅडमनी आधी आलेली पत्रं पाहिली. मग डावीकडच्या यादीत पाठवलेल्या पत्रांवर बोट ठेवलं. मार्डीकर आरामात मागे टेकून बसले होते.

त्या कुलपाची गोष्ट अशी आहे की ते समोरच्याच्या दाराला लागतं. ज्याला पत्र गेलं त्याच्याकडचा मजकूर जातो, पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या पाठवलेल्या पत्रांत तो जसाच्या तसा पडून राहतो. तिथे घड्याळ चालत नाही. शिबिरात प्रशिक्षकाने हेही सांगितलं असेल, मार्डीकर तेव्हा कदाचित पाणी प्यायला गेले असतील. नंतर त्यांनी कधी उघडूनही पाहिलं नाही. एकदा पाठवलेल्या पत्राकडे ते मागे वळून पाहत नसत.

मॅडमनी पहिलं पत्र उघडलं आणि मोठ्याने वाचलं. प्रात्यक्षिकं त्याच प्रयोगशाळेत चालू ठेवावीत. समितीपुढे प्रयोगशाळा वापरात दिसली पाहिजे. त्यांनी दुसरं उघडलं. स्टुलं काढावीत. ऋतुजा खाली मान घालून ऐकत होती, माने सर खिडकीबाहेर पाहत होते. मार्डीकर खुर्चीत पुढे आले, स्क्रीनमध्ये तोंड घालून बघितलं आणि जे बोलले ते तिथल्या प्रत्येकाने ऐकलं.

"याची तर मुदत संपली होती."

मॅडमनी ते वाक्य लिहून घेतलं. मग त्यांना म्हणाल्या, "खाली सही करा."

तीसेक वर्षांच्या नोकरीत मार्डीकरांनी इतकी साफ सही कधी केली नसेल. अक्षर सुंदरच आलं.

यानंतर फार काही मोठं झालं नाही, कारण आपल्याकडे ते होत नाही. मार्डीकरांना प्राचार्यपदावरून काढलं. संस्थेचं एक कनिष्ठ महाविद्यालय माढ्याला होतं, तिथे त्यांना शिकवायला पाठवलं. पोलिसांत तक्रार झाली होती, ती कुठे तरी पडून राहिली. माढ्याला ते दोन वर्षं होते आणि तिथूनच निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि मानपत्र मिळालं. मानपत्रात त्यांच्या पारदर्शक कारभाराचा उल्लेख होता, असं माने सरांनी मला फोनवर वाचून दाखवलं. अध्यक्षांनी नव्या प्राचार्यांना ताकीद दिली की ईमेलला कुलूप लावायचं नाही. नवे प्राचार्य ईमेलच करत नाहीत, फोनवर बोलतात.

ऋतुजाला कामावर घेतल्याचं पत्र मिळालं. ती एक दिवस आली, प्रयोगशाळेत जाऊन आली, तिथे आता नवं छत होतं आणि भिंतीला नवा रंग. तास न घेताच ती माझ्याकडे आली आणि म्हणाली की आपल्याच्यानं हितं हुबं राहवत न्हाय. मी तिला थांब म्हटलं नाही. आता ती सांगोल्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, कायम नेमणुकीवर. तिथेही आधी चष्मे, मग बाकीचं. मला दिवाळीला फोन करते. माझ्या ओळखीतल्या शिकलेल्या माणसांत तिच्याइतकी सरळ माणसं फार नाहीत. या प्रकरणातून ती कुणाच्याही पत्राचे फोटो काढायला शिकली नाही, याचं मला आधी वाईट वाटलं, आता वाटत नाही.

मल्लप्पांचा हात वाचला, पण बोटं मिटत नाहीत. संस्थेने त्यांना गेटवर बसवलं. काचेची भांडी धुणारा तो हात मांडीवर ठेवून ते बसलेले असतात, येणाऱ्याजाणाऱ्याला डाव्या हाताने नमस्कार करतात. मी एकदा त्यांना विचारलं की मार्डीकर सर भेटायला आले होते का. मल्लप्पा म्हणाले की दवाखान्यात आले होते, सफरचंदं आणली होती, आणि बायकोला विचारत होते की मल्लप्पाने जबाबात आपलं नाव घेतलंय का.

मालतीवहिनी माढ्याला गेल्या नाहीत. त्या जुळे सोलापुरातच राहिल्या, मुलीकडे पुण्याला जाऊन येऊन असतात. अक्कलकोटच्या भावाकडे हक्काने जातात. नवऱ्याविषयी मी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत.

परवा माने सरांच्या मुलीचं लग्न होतं, होटगी रोडच्या मंगल कार्यालयात. मार्डीकर आलेले. केस पूर्ण पांढरे, सफारी तीच. सगळ्यांशी हसून बोलत होते, आणि लोकही त्यांच्याशी बोलत होते, मार्डीकर सर, मार्डीकर सर म्हणत. पंगतीत त्यांची आणि माझी पानं जवळ आली. त्यांनी माझ्या निवृत्तीची चौकशी केली, ग्रंथालयाची केली. मग आजूबाजूला पाहिलं, वाढपी लांब गेला याची खात्री केली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले की त्या वाघमोडे मुलीला खरं तर मीच वाचवलं, मी मेलबॉक्स उघडून दिला नसता तर ती अडकली असती, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतोय, पण कुठे बोलू नका.

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते गंमत करत नव्हते. त्यांचा त्यावर विश्वास बसला होता, आणि तो बसायला त्यांना फार वेळही लागला नसणार.

वाढपी जिलेबी घेऊन आला. मी पानावरून उठून पलीकडच्या रांगेत, मल्लप्पांच्या बायकोशेजारची जागा रिकामी होती, तिथे जाऊन बसले आणि तिथे वाढायला सांगितलं.